निवडणुकीतले बोलके मत आणि मुके मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसबाई मला बोलवायला आल्या तेव्हा त्यांनी विषय माझ्यावरच सोपवला होता. मी "निवडणूक आणि लोकमत" असे म्हणताच त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. त्या म्हणाल्या, "बाई, आपल्या मंडळात राजकारण नको हो. मागच्या खेपेला भिशीत दोघींची बोलाचाली झाली, ती अजून मिटलेली नाही." मी त्यांना शब्द दिला, की कोणत्याही पक्षाची बाजू मी घेणार नाही आणि कोणाला मत द्यावे हेही सांगणार नाही. हा शब्द पाळायला मला मुळीच जड जाणार नाही. शब्द मोडल्याने काय होते याचा एक धडा मला अलीकडेच मिळाला आहे. तो शेवटी सांगेन.

आज मला बोलायचे आहे ते एवढेच, की निवडणुकीच्या दिवसांत माणसे जे बोलतात ते आणि मतदानाच्या खोलीत जाऊन जे करतात ते, या दोहोंत अंतर का पडते. आणि या अंतरात आपण बायका नेमक्या कोठे उभ्या असतो.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत संपली. मतदार १७ कोटींच्या वर होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवायची, तिच्यावर त्याची निशाणी लावायची आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, अशी सोय केली होती. त्या लोखंडी पेट्यांपैकी लाखो पेट्या आपल्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मी तेव्हा तीन-चार वर्षांची होते, त्यामुळे मला काही आठवत नाही. पण आईने सांगितलेली गोष्ट अशी, की आमच्या गिरगावातल्या चाळीत नावे लिहून घ्यायला कारकून आला, त्याने आजीला नाव विचारले, तर तिने "बंडूची आई" एवढेच सांगितले. नवऱ्याचे नाव काय म्हणून विचारले, तर ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली. शेवटी कारकूनच वैतागून म्हणाला, "आजी, उखाण्यात घ्या, पण घ्या!" मग सगळ्या गॅलरीच्या देखत आजीने उखाणा घेतला आणि तिचे नाव यादीत चढले.

आपण आज याला हसतो. पण त्या वेळी देशात अशा लक्षावधी आजी होत्या, आणि प्रत्येकीला असा विनोदी कारकून भेटला नाही. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त श्री. सुकुमार सेन यांनी स्पष्ट हुकूम दिला होता, की "अमक्याची बायको" किंवा "तमक्याची आई" अशा नोंदी चालणार नाहीत; स्त्रीने स्वतःचे नाव सांगितले पाहिजे. देशात सुमारे ८ कोटी स्त्री-मतदार होत्या. त्यांतल्या जवळजवळ २८ लाख जणींनी आपले नाव सांगितले नाही आणि त्यांची नावे यादीतून काढून टाकावी लागली. यांतल्या बहुतेकजणी बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या होत्या. सेनसाहेबांवर तेव्हा टीकाही झाली. मला मात्र वाटते, त्यांनी केले ते योग्यच केले. मत द्यायचे तर ते देणारी कोणीतरी हवी, आणि तिला नाव हवे. पुढच्या निवडणुकीत नावे सांगणाऱ्या पुष्कळ निघाल्या.

नाव आले, पण मत आले का? या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आमच्या गिरगावच्या चाळीतच थांबावे लागेल.

त्या काळी लोकमत कळायचे ते नळावर, गॅलरीत आणि केशकर्तनालयात. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत निवडणूक झाली. मी नऊ वर्षांची होते. चाळीच्या भिंतींवर घोषणा, रात्री सभांहून परतणाऱ्यांच्या गप्पा, असा सगळा माहोल होता. तेव्हा लोकमत बोलके होते. कोण काय विचार करतो हे लपलेले नव्हते आणि निकालही बोलण्यासारखाच लागला. पुण्याला काकासाहेब गाडगीळांसारखा मोठा माणूस ना. ग. गोऱ्यांकडून हरला, दादरहून आचार्य अत्रे विधानसभेत गेले. तरी विदर्भ आणि मराठवाड्यासकट द्विभाषिक राज्याचा हिशेब झाला तेव्हा बहुमत काँग्रेसचेच राहिले. आमच्या चाळीला वाटत होते की सगळे राज्य आपल्यासारखेच बोलते आहे. राज्य मोठे होते, चाळ लहान होती. लोकमताविषयीचा हा माझा पहिला धडा. आपल्या गॅलरीतून दिसते ते सगळे जग नसते.

दुसरा धडा १९६७ सालचा. तेव्हा दक्षिण मुंबईतून श्री. स. का. पाटील उभे होते. मुंबईवर त्यांचा दरारा असा, की लोक त्यांना मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणत. त्यांच्यासमोर जॉर्ज फर्नांडिस नावाचा छत्तीस वर्षांचा कामगारनेता उभा राहिला. आमच्या चाळीत जो तो एकच वाक्य बोलायचा, "मुलगा चांगला आहे, पण पाटलांना कोण पाडणार?" नीट लक्ष द्या भगिनींनो. "मला पाटील हवेत" असे फारसे कोणी म्हणत नव्हते. "ते पडणार नाहीत" असे म्हणत होते. या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. फर्नांडिसांच्या प्रचारकांनी हे बरोबर ओळखले आणि "तुम्ही पाटलांना हरवू शकता" हाच मुख्य मुद्दा केला. आमचा उमेदवार थोर आहे असे सांगत बसण्यापेक्षा "तुम्हाला जे अशक्य वाटते ते शक्य आहे" हे त्यांनी लोकांना सांगितले. पाटील पडले. त्या रात्री चाळीत जो तो म्हणत होता, "मला ठाऊकच होते!" मी एकोणीस वर्षांची होते आणि मताचा अधिकार तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळे, त्यामुळे मी नुसती ऐकत होते. मला मात्र आदल्या आठवड्यातली त्यांची वाक्ये आठवत होती.

आता कोणी म्हणेल, चाळीतल्या गप्पांवर काय जायचे, हल्ली शास्त्रशुद्ध पाहणी होते. खरे आहे. आपल्यात म्हणच आहे, शितावरून भाताची परीक्षा. लोकमताची पाहणी म्हणजे दुसरे काही नाही. पण ज्या बाईने शंभर पानांचा भात शिजवला आहे तिला विचारा. वरचे शीत शिजलेले असते आणि तळाला कच्चे असते, किंवा तळाला लागलेले असते आणि वर कणी राहते. शीत घ्यायचे तर पातेले खालून वर हलवून, चार ठिकाणचे घ्यावे लागते.

हे न केल्याने अमेरिकेत एका मोठ्या मासिकाची कशी फजिती झाली ते ऐका. 'लिटररी डायजेस्ट' त्याचे नाव. १९३६ साली त्याने जवळजवळ १ कोटी लोकांना टपालाने नमुना-मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांच्या वर उत्तरे आली. एवढ्या उत्तरांवरून त्यांनी छातीठोकपणे सांगितले, की लँडन निवडून येणार, रूझवेल्ट पडणार. प्रत्यक्षात रूझवेल्टना ४८ पैकी ४६ राज्ये मिळाली. चूक कोठे झाली? मासिकाने पत्ते घेतले होते ते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून. मंदीचे दिवस होते. ज्याच्या घरी टेलिफोन नाही, दारात मोटार नाही, त्याला कोणी विचारलेच नाही. शिवाय ज्यांना विचारले त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनी उत्तर दिले नाही. जॉर्ज गॅलप नावाच्या गृहस्थाने त्याच वेळी त्या मानाने मूठभर माणसे विचारून बरोबर उत्तर काढले, कारण त्याने पातेले हलवले होते. अर्थात गर्वाचे घर खाली. १९४८ साली गॅलपसकट सगळ्यांनी ट्रूमन पडणार म्हणून सांगितले, मतदानाच्या कित्येक दिवस आधीच पाहणी थांबवली, आणि ट्रूमन निवडून आले. शिकागोच्या एका वर्तमानपत्राने तर पराभवाचा मथळा छापूनही टाकला होता. ते पत्र हातात धरून हसणाऱ्या ट्रूमनचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल.

आपल्याकडेही हेच. २००४ साली बहुतेक पाहण्यांनी सांगितले होते की सत्तेवरची आघाडीच परत येणार. ती आली नाही. २०२४ साली १ जूनच्या संध्याकाळी बहुतेक वाहिन्यांनी सत्तारूढ आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा देऊन टाकल्या. ४ जूनला मोजल्या तेव्हा २९३ भरल्या. पाहण्या पुष्कळदा बरोबरही येतात, हे मी नाकारीत नाही. आपल्या देशात एक जास्तीची अडचण आहे, की मते थोडी इकडची तिकडे झाली तरी जागांमध्ये फार मोठा फरक पडतो. पण या सगळ्या हिशेबाच्या तळाशी एक साधी गोष्ट आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसाला खरे उत्तर मिळते का?

माझ्याच घरची हकिकत सांगते. २०२४ च्या प्रचाराच्या दिवसांत एक तरुण मुलगी वही घेऊन दारी आली. दार सूनबाईने उघडले. मुलीने विचारले, "आपण कोणाला मत देणार?" सूनबाई बँकेत अधिकारी आहे, चाळीस माणसे हाताखाली वागवते. पण तिने मागे वळून माझ्या मुलाकडे पाहिले. त्याने सोफ्यावरूनच उत्तर दिले. मुलीने लिहून घेतले. मग तिने मला विचारले. आणि भगिनींनो, चाळीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवलेल्या तुमच्या या बाईने काय सांगितले? "त्याने सांगितले तेच." ते माझे मत नव्हते. पण वाद नको, चहा निवतो आहे, मुलगी उन्हात उभी आहे. त्या मुलीच्या वहीत आमच्या घरची तीन शिते सारखीच शिजलेली निघाली!

याला एक शास्त्रीय नाव आहे. जर्मनीत एलिझाबेथ नोएल-नॉयमान नावाच्या विदुषी होऊन गेल्या. लोकमताची पाहणी करणारी मोठी संस्था त्या चालवीत. १९६५ च्या जर्मन निवडणुकीच्या आधी कित्येक महिने त्यांना दिसत होते, की दोन मोठ्या पक्षांना मते देऊ म्हणणारे जवळजवळ सारखेच आहेत. पण "कोण जिंकेल असे वाटते?" या प्रश्नाचे उत्तर मात्र हळूहळू एकाच बाजूला झुकत चालले होते. आणि अगदी शेवटच्या दिवसांत काही मते त्या बाजूला गेलीही. यावरून त्यांनी पुढे सिद्धान्त मांडला. माणसाला एकटे पडण्याची भीती वाटते. आपले मत थोड्यांचेच आहे असे वाटले की तो गप्प बसतो. तो गप्प बसला की ते मत आणखीच थोड्यांचे वाटू लागते, मग दुसराही गप्प बसतो. मी याला मौनाचा भोवरा म्हणते. स. का. पाटलांच्या वेळी आमच्या चाळीत हाच भोवरा फिरत होता.

पण भोवरा उलटाही फिरतो. मुके झालेले मत मेलेले असतेच असे नाही, हे आपल्या देशाने १९७७ साली दाखवले. आणीबाणी होती. माणसे तुरुंगात होती, वर्तमानपत्रांवर बंधने होती. जानेवारीत एकाएकी निवडणूक जाहीर झाली. नळावर, गाडीत, शाळेच्या शिक्षकखोलीत कोणी फारसे बोलत नसे. तेव्हा लग्न होऊन मी गोरेगावला आले होते. आमच्या भागातून मृणालताई गोरे उभ्या होत्या. पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या, म्हणून त्यांना सगळे पाणीवाली बाई म्हणत. त्याआधी १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध अहिल्याताई रांगणेकर आणि इतर बाया यांच्याबरोबर त्यांनी लाटणी हातात घेतलेल्या बायकांना रस्त्यावर आणले होते. त्या मोर्चांत गेलेल्या बायका आमच्या इमारतीतही होत्या, पण १९७७ च्या प्रचारात त्याही जपूनच बोलत.

आमच्या घरी सासरे फार शिस्तीचे. त्यांची अशी रीत, की मतदानाच्या आदल्या रात्री पाने वाढली की सांगायचे, "आपल्या घरची सहा मते अमक्याला." १९७१ साली माझे पहिले मत मी त्यांच्या सांगण्याप्रमाणेच दिले होते. दुसरे काही करता येते हे मनातही आले नव्हते. १९७७ सालीही त्यांनी सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मतदान झाले. निकाल रेडिओवर येऊ लागले. रायबरेलीत इंदिराबाई पडल्या, उत्तर मुंबईतून मृणालताई आणि उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्याताई निवडून आल्या. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा पोराटोरांच्या तोंडी झाली. सासरे रेडिओ बंद करून निजायला गेले. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. सासूबाईंनी नळ जरा मोठा सोडला आणि हळूच म्हणाल्या, "मी काही ह्यांनी सांगितलेल्याला दिले नाही हो." मी म्हटले, "मीही नाही." आम्ही दोघी पदर तोंडात धरून इतक्या हसलो, की सासऱ्यांनी खोलीतून विचारले, "काय झाले?" सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, वाटी पडली."

सासरे कोणत्या पक्षाचे होते ते मी सांगणार नाही, कारण चिटणीसबाईंना शब्द दिला आहे. आणि त्याने फरकही पडत नाही. सहा वर्षे एका चुलीवर स्वयंपाक केला, पण एकमेकींचे मत आम्हाला ठाऊक नव्हते. मतदानाच्या त्या चार पुठ्ठ्यांच्या आडोशाने आमच्या घरात प्रथमच दोन माणसे निर्माण केली. सासूबाई तोवर "अमक्यांच्या आई" होत्या. त्या रात्रीपासून मला त्या निराळ्या दिसू लागल्या.

आता आकडे थोडे सांगते. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत शंभर पुरुषांतल्या सुमारे ६३ जणांनी मत दिले आणि शंभर बायकांतल्या सुमारे ४७ जणींनी. सोळा-सतरा टक्क्यांचे अंतर. हे अंतर कमी कमी होत २०१९ साली मिटले आणि बायका प्रथमच केसभर पुढे गेल्या. २०२४ सालीही पुरुष ६५.५५ टक्के आणि स्त्रिया ६५.७८ टक्के, म्हणजे आपण पुढेच. पूर्वी जो प्रचारक दारात येऊन "दादा आहेत का घरात?" म्हणून विचारायचा, तोच आता "ताई, तुमच्याशीच बोलायचे आहे" म्हणतो. आपल्या राज्यात २०२४ साली विधानसभेच्या निवडणुकीआधी बहिणींसाठी दरमहा १५०० रुपयांची योजना आली. विरोधी बाजूनेही त्याहून अधिक देण्याचे वचन दिले. तेव्हा पुष्कळ सुशिक्षित माणसे म्हणाली, "बायकांनी पंधराशेला मते विकली." ती योजना चांगली की वाईट यावर दोन मते असू शकतात, तिजोरीचा विचारही केला पाहिजे. पण मला एवढेच विचारावेसे वाटते, की कर्जमाफी झाली, करात सूट मिळाली, तेव्हा पुरुषांनी मत विकले असे आपण म्हणालो का? पुरुष आपले हित पाहतो तेव्हा तो विचारी मतदार, आणि बाई पाहते तेव्हा ती भोळी? बाईने पैसे घेतले आणि मत कोणाला दिले, हे तरी कोणाला ठाऊक आहे?

मग आपले मत बनते कशावरून? १९४० साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका जिल्ह्यात लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे ते नोव्हेंबर दर महिन्याला त्याच त्या माणसांना भेटून हे तपासले होते. त्यांना वाटत होते, रेडिओ आणि वर्तमानपत्रे माणसांची मते बदलत असतील. निघाले भलतेच. सुमारे निम्म्यांनी मे महिन्यातच ठरवलेले होते आणि ते शेवटपर्यंत बदलले नाही. जे बदलले किंवा उशिरा ठरवते झाले, त्यांच्यावर भाषणांपेक्षा घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या, दुकानातल्या ओळखीच्या बोलण्याचा परिणाम अधिक होता. म्हणजे आमच्या गिरगावच्या नळाला शास्त्राचा आधार मिळाला! आज तो नळ आपल्या हातातल्या फोनमध्ये आला आहे. मंडळाच्या गटावर पाककृती येते, श्रद्धांजली येते, आणि तिच्याच मागून कोणाच्या तरी तोंडी घातलेले खोटे वाक्य येते. अनोळखी माणसाने सांगितले तर आपण शंका घेऊ. पण शेजारच्या वहिनींनी पाठवले म्हणजे खरेच असणार, असे आपण धरून चालतो. वहिनी खोटे बोलत नाहीत. त्यांना दुसऱ्या कोणी पाठवलेले असते. पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबून "हे कोठून आले?" एवढे विचारले, तरी अर्धे काम होईल.

आता मी सुरुवातीला म्हटलेला धडा. आमच्याकडे पंधरा वर्षे एक बाई कामाला येतात. २०२४ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी भांडी घासता घासता विचारले, "बाई, उद्या कोणाला द्यायचे?" आणि मी सांगितले! सासऱ्यांचा आवाज माझ्या तोंडून आला. एवढेच नव्हे, का द्यायचे तेही पाच मिनिटे समजावले. त्यांनी मान डोलावली, अगदी आम्ही सुना डोलवायचो तशीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आल्या, डाव्या हाताच्या बोटावर शाई. मी विचारले, "दिले का मी सांगितले त्याला?" त्यांनी हात पुसला आणि हसून म्हणाल्या, "बाई, माझी पोरगी तुमच्याच शाळेत शिकली. ती म्हणते, बाईंनी शिकवलंय, मत कोणाला दिलं ते कोणाला सांगायचं नसतं."

मी काय बोलणार? मला आनंद झाला आणि लाजही वाटली. आनंद कमी, लाज जास्त. आपल्याला कोणी सांगितले तर आपल्याला खुपते. पण आपल्याहून ज्याचे पोट आपल्या शब्दावर अवलंबून आहे त्याला सांगताना आपल्याला ते उपकार वाटतात. त्या बाईने मला विचारले ते खरोखर सल्ला हवा म्हणून, की मालकिणीचे मन राखायचे म्हणून, हेसुद्धा मला आजवर कळलेले नाही. हेच ते मुके मत. आणि या खेपेला त्याला मुके करणारी मी होते.

कायदाही त्या मुलीच्याच बाजूचा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याने मतदानाची गुप्तता राखणे हे तिथल्या अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरवले आहे, आणि मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती न्यायालयातल्या साक्षीदारावरही करता येत नाही. जे न्यायाधीशाला विचारता येत नाही ते सासऱ्याने, नवऱ्याने किंवा मालकिणीने विचारावे का?

याचा अर्थ मी गप्प बसा म्हणते असे नाही. उलट बोला. पाण्याविषयी बोला, शाळेविषयी, भावाविषयी, रात्री घरी परतणाऱ्या मुलींविषयी बोला. उमेदवाराला मंडळात बोलावून प्रश्न विचारा, सगळ्या उमेदवारांना बोलवा. "सगळे असेच म्हणतात" असे कोणी म्हटले, तर "मला तसे वाटत नाही" असे निदान एकीने म्हणावे. म्हणजे मौनाचा भोवरा थांबतो. फक्त "तू कोणाला देणार?" हा प्रश्न विचारू नये, आणि विचारलाच तर उत्तर देण्याचे ओझे मानू नये. मतदान संपण्याआधी अठ्ठेचाळीस तास प्रचार बंद होतो. ते दोन दिवस कायद्याने दिलेली शांतता आहे. त्या दिवसांत आपणही घरात प्रचार बंद ठेवावा.

आणि एक काम आपल्या मंडळाने अंगावर घ्यावे अशी माझी सूचना आहे. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, वर्षातून एकदा, संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी मतदारयादी काढून ठेवावी. प्रत्येकीने आपले नाव पाहावे. लग्न होऊन आलेल्या सुना, अठरा पूर्ण झालेल्या मुली, जागा बदललेल्या भाडेकरू भगिनी, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाया, यांची नावे नसतील तर अर्ज भरून द्यायला हात लावावा. पहिल्या निवडणुकीत २८ लाख जणींची नावे गळाली, ती त्यांनी सांगितली नाहीत म्हणून. आज एखादीचे नाव गळत असेल, तर ते बहुधा कोणी पाहिले नाही म्हणून. नाव बघून देण्यात राजकारण नाही. त्यात भांडण होण्याचेही कारण नाही, चिटणीसबाई!

आजीने गॅलरीत उखाणा घेऊन यादीत नाव चढवले, सासूबाईंनी नळाच्या आवाजात आपले मत सांगितले, आणि माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंनी ते सांगायचे नाकारले. तिघींपैकी सर्वांत पुढे कोण गेली, हे मी तुम्हीच ठरवावे म्हणते.